बोटांमधली मोकळी जागा

जो घडवतो आणि घडवलेले वेळेवर मागे घेतो, ज्याच्या दारी उगवणे आणि मावळणे यांत थोरले-धाकटे नाही, त्या गजाननाला आणि माझ्या कुलस्वामिनीला नमस्कार करून लिहावयास बसलो आहे. निमित्त घरातलेच आहे. माझी नात उद्या नागपूरला शिकावयास जाणार, वसतिगृहात राहणार. आज सकाळी ती डोंगरगडहून नमस्काराला आली होती. वाकून उठताना तिने आपला उजवा हात माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आबा, ही खूण कशाची ते आई सांगते तेव्हा हसते, आजी सांगते तेव्हा डोळे पुसते. तुम्ही एकदा नीट सांगा."

मधले बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यात एक पांढुरकी रेघ आहे. ठाऊक नसेल त्याला दिसायचीही नाही. तिच्या गाडीची वेळ झाली होती. मी म्हणालो, सांगण्यासारखे थोडे आहे, पण ते उभ्याउभ्या सांगता येणार नाही. म्हणून हे लेखन. तिच्याबरोबर आणखी कुणी वाचले तरी हरकत नाही. यात लपवण्यासारखे काही नाही.

त्या वर्षांत मी भिलाईच्या टाउनशिपमध्ये एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. पाठशाळेत घोकून वाढलेला माणूस पोलादाच्या गावी कसा आला, याचे उत्तर पोट एवढेच आहे. सेक्टरमधले दोन खोल्यांचे क्वार्टर. त्यात मी, पत्नी आणि एकुलती एक मुलगी. समोर तेलुगू कुटुंब, मागे बंगाली, आणि भिंतीला भिंत लागून वर्ध्याकडची एक बाई, जिचा नवरा रोलिंग मिलमध्ये होता. तिला सारा ब्लॉक काकू म्हणे, म्हणून मीही म्हणे, ती वयाने माझ्याहून लहान असूनही. शाळा सुटल्यावर मराठी घरांतून मला सत्यनारायणाची, मुंजीची बोलावणी येत. भिक्षुकी हा माझा व्यवसाय नव्हता. परक्या मुलखात मंत्र म्हणणारे फारसे कुणी नव्हते आणि मला ते येत होते, एवढेच.

मुलगी दुर्गच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. एका श्रावणात तिने तलावातून बेडूकमासे आणले आणि आईच्या लोणच्याच्या बरणीत घालून खिडकीत ठेवले. बरणी बाटली म्हणून पत्नीने दोन दिवस अबोला धरला. पुढे मात्र पोळ्या लाटता लाटता तिचेच डोळे बरणीकडे वळू लागले. आधी मागचे पाय फुटले, मग पुढचे. शेपूट रोज आखूड होत चालले. मी पूजेची फुले घेऊन येताना थांबून पाहत असे. पाण्यात कधी तुटलेला तुकडा दिसला नाही.

मी मुलीला विचारले की, शेपूट गळून जाते कुठे?

"गळत नाही, बाबा," ती म्हणाली. "ते आतल्या आत विरतं. शेपटातल्या पेशी आपल्या आपण मरतात, आणि त्यांचंच पुढे अंग होतं. पाहा, या दिवसांत तो काही खातसुद्धा नाही."

"त्यांना मारतं कोण?"

"कुणी नाही. वेळ झाली की आतून निरोप येतो."

"कुणाचा निरोप?"

ती हसली. "ते आमच्या पुस्तकात नाही. तुमच्या पुस्तकात असेल तर सांगा." मग तिने माझा हात आपल्या हातात घेतला आणि बोटे फाकवून दाखवली. म्हणाली, तुमचा हातही असाच झालेला आहे. आईच्या पोटात आधी वल्ह्यासारखी एक चकती असते. मग मधल्या मधल्या पेशी वेळेवर मरतात आणि बोटे मोकळी होतात. बदकाच्या त्या मरत नाहीत, म्हणून त्याच्या पायाला पडदा राहतो.

मी जन्मभर मृत्यू हा बाहेरून येणारा म्हणून शिकलो होतो. दारात उभा राहणारा, पाश टाकणारा. जन्माच्याही आधी, गर्भाच्या तळहातात, कुणाचे तरी निमूट मरणे चालू असते आणि त्यावाचून आपल्याला ओंजळसुद्धा धरता येत नाही, हे मी लोणच्याच्या बरणीपाशी उभा राहून ऐकले. त्या संध्याकाळी अर्घ्य देताना पाणी बोटांमधून गळाले, तिकडे माझे पहिल्यांदा लक्ष गेले.

पुढच्या वर्षी पत्नी गेली. तिच्यामागून वर्षभरात मुलीचे लग्न करून दिले. जावई रेल्वेत, डोंगरगडला. चांगले घर. सासरे पूर्वीच गेलेले. सासूबाईंनी ते घर एकटीने ओढून वर आणले होते. त्यामुळे त्यांच्या बोलण्याला धार होती आणि त्यांच्या नियमांना अपवाद नव्हते.

मुलगी गेल्यावर मी संध्या मोठ्याने म्हणू लागलो. घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. एकट्यासाठी वरणाचा कुकर लावणे जिवावर येई, तेव्हा मी सकाळचा भात संध्याकाळी ताकात कालवून घेई. कारखान्याचा भोंगा झाला की ब्लॉकमधल्या दारांच्या कड्या एकामागून एक वाजत. कुणी ड्यूटीवरून परते, कुणी निघे. माझ्या दाराची कडी मी लावीन तेव्हाच वाजे.

सातव्या महिन्यात मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. माहेर म्हणजे मीच. काकूंनी धीर दिला, मी आहे म्हणाल्या. त्या घरात पुन्हा दोन ताटे मांडली जाऊ लागली, तिखट-मिठावरून वाद होऊ लागले, आणि मी संध्या पुन्हा मनातल्या मनात म्हणू लागलो.

त्याच महिन्यात, माघी अमावास्येला, सूर्यग्रहण लागले. दुपार उतरताना स्पर्श होता. शाळेला सुटी होती, सेक्टरचे रस्ते ओस पडले. कारखान्याला मात्र ग्रहण नसते, भट्टी थांबवता येत नाही. चिमण्यांचा धूर नेहमीसारखा चालू होता. मी पश्चिमेच्या खिडकीला घोंगडी लावली, पाण्यावर आणि लोणच्यावर दर्भ ठेवले. आमच्या घराण्यात गरोदर स्त्रीच्या उजव्या मुठीत दर्भाची काडी आणि तुळशीचे पान देतात, आणि मोक्ष होईपर्यंत ती मूठ सोडू देत नाहीत. तसे मी मुलीला दिले. ती कुरकुरली नाही. बापाच्या समाधानासाठी मूठ मिटून भिंतीला टेकून बसली. घोंगडीला कुठेतरी कसर लागून भोक पडले होते. त्यातून समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक ठिपका पडला, आणि पाहता पाहता त्याची कोर झाली.

"बाबा, बघा," ती हळूच म्हणाली, "सूर्य आपल्या घरात आला."

मी तिला तिकडे पाहू नको म्हणालो आणि जपाला बसलो. पण डोळे मिटण्याआधी मीही ती कोर पाहिली. तांदळाच्या कणीएवढी होती. ग्रहण सुटल्यावर तिने मूठ उघडली तेव्हा तळहातावर तुळशीचे पान चिकटलेले होते आणि घामाने हिरवा डाग पडला होता.

वैशाखात, टाउनशिपच्या इस्पितळात, ती सुखरूप बाळंत झाली. मुलगी. नर्सने दुपट्यात गुंडाळून आणली तेव्हा मी आधी तोंड पाहिले. थेट माझ्या पत्नीची हनुवटी होती. मग हात पाहिले. उजव्या हाताची मधली दोन बोटे नखापर्यंत एकमेकांना जोडलेली होती. एकाच पाकळीत दोन कळ्या असाव्यात तशी.

डॉक्टरीण केरळकडची, शांत स्वभावाची. तिने हाताचा एक्स-रे फोटो काढवला आणि हिंदीत समजावून सांगितले. हाडे वेगळी आहेत, जोड फक्त कातडीचा आहे. मूल दोनेक वर्षांचे झाले की शस्त्रक्रियेने सुटे करता येईल. मी विचारले, हे कशाने? ती म्हणाली, कशानेही नाही. दुसरा महिना सरून तिसरा लागताना बोटांमधला भाग विरून जातो, तो इथे विरला नाही. कधी कधी असे होते. तेव्हा मी मान हलवली, पण ते मनात कुठेही बसले नाही. मुलीने तर ऐकलेच नव्हते. ती आपल्या उजव्या तळहाताकडे पाहत होती.

घरी आल्यावर तिने जुन्या मलमलीचा एक छोटा मोजा शिवला आणि बाळाच्या उजव्या हातात चढवला. बाहेर उन्हाने रस्त्याचे डांबर पाघळत होते, खोलीत वाळ्याचा कूलर घरघरत होता, आणि त्या चिमुकल्या हाताला मोजा. काकू तेलपाण्याला येत, तेव्हाही ती तो काढू देत नसे. ज्या मुलीने मला बेडूकमाशाचे शेपूट शिकवले, ती आता रोज मला एकच विचारी, "बाबा, मी मूठ फार घट्ट धरली होती का?"

पाचवीची पूजा झाली आणि डोंगरगडचा निरोप आला. रेल्वेच्या घरांत बातमी पत्राने जात नाही, गाडीबरोबर जाते. जावयाच्या ओळखीचा एक गार्ड दुर्गला उतरून सायकलने आला आणि दारातच, अवघडून, सासूबाईंचे शब्द सांगून गेला. त्यांच्या घरात ग्रहणात गरोदर बाईने तळहात उघडे ठेवून पोटावर धरायचे असतात. मूठ मिटली तर मुलाची बोटे मिटतात. सुनेने मूठ मिटली होती की नाही, हे गुरुजींनी बारशाच्या दिवशी चार माणसांत सांगावे. मिटली असेल तर दोष सुनेचा; त्याची शांत होऊन वर्ष उलटेपर्यंत बाळ-बाळंतिणीला माहेरीच राहू द्यावे.

एका घरात मूठ मिटायची आणि दुसऱ्या घरात उघडायची. माझ्या फळीवर होते नव्हते ते सारे ग्रंथ मी दोन दिवस चाळले. दोन्ही गोष्टी कुठे सापडल्या नाहीत. आमच्या आजीने सांगितले म्हणून आम्ही करत होतो, त्यांच्या आजीने सांगितले म्हणून ते. पण माझी मुलगी या दोन आज्यांच्या मध्ये सापडली होती. वर्षभर माहेरी राहिलेल्या बाळंतिणीला लोक काय म्हणतात, हे ती जाणून होती. जावई भला होता, पण आईपुढे त्याचा आवाज चढत नसे. वर्षाची दोन वर्षे व्हायला वेळ लागत नाही. तिचा संसार त्या एका उत्तरावर टांगलेला होता, आणि उत्तर द्यायचा होतो मी.

तिसऱ्या दिवशी मी सिविक सेंटरच्या बाजारात गेलो आणि पाळणा विकत आणला. लोखंडी, चांगला वजनदार, पितळी गोंड्यांचा. ऑटोतून तो दारात उतरवत असताना काकू कुंपणापाशी उभ्या होत्या.

"गुरुजी, पाळणा तर भाड्यानं भेटते," त्या म्हणाल्या. "इकत कावून आणला?"

मी म्हणालो, असू द्या, कामाला येईल.

"तं पोरगी आता इथंच ठेवाची हाय का?" आणि मग आवाज खाली आणून, "एकल्याले करमत नाही, मले समजते ना. पण तिचं घर तिकडं हाय, गुरुजी."

त्या कपडे वाळत घालायला निघून गेल्या. मी पाळण्याचा दांडा हातात धरून तिथेच उभा राहिलो. त्या बाईने चिमटा घेतला होता, पण नेमका जिथे दुखत होते तिथेच. निरोप आल्यापासून माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात दोन ताटे मांडलेली होती. वर्षभर. कदाचित त्याहून अधिक. मी मुलीच्या नोकरीचाही विचार करून ठेवला होता; शाळेत विज्ञानाची एक जागा रिकामी होणार होती. मला काही करायचेही नव्हते. बारशाच्या दिवशी खरे तेवढे बोलायचे, मूठ मिटली होती, आणि गप्प बसायचे. घर आपोआप भरलेले राहिले असते.

त्या दुपारी मी अळिवाची बरणी उतरवली. ती तीच लोणच्याची बरणी होती. मुलगी बाळाला पाजून भिंतीला टेकली होती, मोजा बाळाच्या हातात होता. मी बरणी तिच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, बेडूकमाशाचे मला पुन्हा एकदा सांग.

ती वैतागली. म्हणाली, आता काय त्याचं. मी म्हणालो, मला म्हातारपणी आठवत नाही, सांग. मग ती सपाट आवाजात, पाठ म्हणावा तसे सांगू लागली. शेपूट, पाय, पेशी. हातापाशी आल्यावर थांबली.

"बोटं कोणत्या महिन्यात सुटी होतात?" मी विचारले. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा तुझं लक्ष नव्हतं."

"दुसऱ्याच्या शेवटी," ती म्हणाली. कूलरमध्ये पाणी टपटपत होते.

"ग्रहणात तुला सातवा होता," मी म्हणालो.

तिने बोटांवर महिने मागे मोजले. चेहऱ्यावर उजेड यावा असे मला वाटले होते. तो आला नाही. "म्हणजे पितृपंधरवडा," ती पुटपुटली. "तेव्हा मी तिकडे होते. मला कळलंही नव्हतं अजून. सासऱ्यांचं श्राद्ध होतं. मी वड्यांचं पीठ मळत होते, बाबा. हात पिठात होते, बोटं चिकटलेली..."

तेव्हा मला कळले की, दोष बसला नाही तर तो दुसरी खुंटी शोधतो. माहेरची निसटली तर सासरची. आणि ती खुंटी सासूबाईंच्या भिंतीत ठोकणे मलाही सोपे होते. चार माणसांत एक वाक्य, आणि दोष तुमच्या घरचा, आमचा नाही.

मी तिचा हात धरला, तिने कधी माझा धरला होता तसा, आणि बोटे फाकवली. म्हणालो, "या जागेत जे होतं, ते तुझ्या आईने मारलं नाही. तिला ठाऊकसुद्धा नव्हतं. ती तेव्हा धुणी धूत असेल, कुणाशी भांडत असेल, उपास मोडत असेल. निरोप आला आणि ते विरलं. या पोरीच्या हाताला एका जागी निरोप पोचला नाही, इतकंच. पाठवणारे आपण नव्हतो, अडवणारेही आपण नव्हतो."

ती रडली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मोकळी रडली. मी उठून अळीव भिजत घातले.

बारशाला सासूबाई, जावई आणि त्यांच्याकडच्या दोन बायका सकाळच्या पॅसेंजरने आल्या. काकूंनी घुगऱ्या शिजवल्या होत्या. पाळणा झेंडूने सजला होता. सासूबाईंनी पाय धुतले, पाणी घेतले, आणि बाळाकडे न पाहताच माझ्यासमोर पाटावर बसल्या.

"गुरुजी, तुमच्या तोंडून ऐकाचं हाय," त्या म्हणाल्या. "मूठ मिटली होती का नाही?"

"मिटली होती," मी म्हणालो. "मीच मिटवली. आमच्याकडे तसं करतात."

त्यांच्याबरोबरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले. मुलगी आतल्या दारात उभी होती. मग मी बोटांचे सांगितले. ग्रहणाच्या किती आधी ती सुटतात, हात आधी कसा असतो, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, सारे. शास्त्री म्हणून नाही, ज्याने ते मुलीकडून शिकून घेतले त्या माणसाच्या भाषेत.

सासूबाईंनी क्षणात हिशेब केला. त्यांच्या भुवया चढल्या. "म्हंजे माह्या घरी झालं म्हणता?"

"विहीणबाई, घरात झालंच नाही," मी म्हणालो. "पोटात झालं. तिथे तुमचं-माझं कुणाचं चालत नाही. तुमचा नियम तुम्ही पाळत आलात, माझा मी पाळत आलो. पोरगी दोन्हींचा दोष घेऊन बसली आहे. तिला वर्षभर इथे ठेवलंत तर मला हवीच आहे. माझं घर रिकामं आहे. पण ती शिक्षा म्हणून राहता कामा नये."

घुगऱ्यांचे पातेले शेगडीवर खदखदत होते. तेवढ्यात मुलगी पुढे आली, सासूसमोर बसली, आणि मांडीवरच्या बाळाचा मोजा तिने स्वतः काढला.

मनगटापासून बोटांपर्यंत सारा हात घामोळ्यांनी लाल झाला होता. सासूबाईंनी जोडलेली बोटे आधी पाहिलीच नाहीत. त्यांनी ती घामोळी पाहिली.

"कावून वो?" त्या सुनेवर कडाडल्या. "एवढ्या उन्हाळ्यात लेकराले मोजा? कोणासाठी झाकून ठेवून राहिली? माह्यासाठी?" आणि बाळाला उचलून त्यांनी आपल्या पदराने तो हात टिपला, त्यावर फुंकर घातली. मग ती दोन बोटे आपल्या जाड बोटांत धरून निरखली. "बदकावाणी हाय," त्या म्हणाल्या. "नदीत पडली तं बुडाची नाही." त्यांच्याबरोबरच्या बायका हसल्या, काकू हसल्या, आणि मुलीने मला शोधत मान वर केली. हसता हसता सासूबाईंच्याच डोळ्यांना पाणी आले होते.

शांत करावी असा त्यांचा आग्रह होता, तो मी मोडला नाही. दोषाची नव्हे, बाळाच्या आयुष्याची शांत केली, आणि संकल्पात तसेच म्हटले. निघताना त्यांनी सांगितले, सव्वा महिना झाला की न्यायला येतो. पाळणाही लागेल म्हणाल्या, इतका मजबूत पाळणा इकडे कुठे वापरणार तुम्ही.

त्यांनी शब्द पाळला. ज्येष्ठात दुर्गच्या फलाटावर मी सासूबाई, मुलगी, बाळ या तिघांना आणि पाळण्याला गाडीत बसवून दिले. खिडकीच्या गजातून मुलीने बाळाचा उजवा हात बाहेर काढून हलवला. मोजा नव्हता. गाडी सुटल्यावर मी सिमेंटच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो, मग बसने घरी आलो. कूलर बंद करून पाणी उपसले. मलमलीचा मोजा दोरीवर तसाच होता, तो घडी करून बरणीत ठेवला. संध्याकाळी एक ताट मांडले. जपाला बसलो तेव्हा आवाज आपोआप मोठा झाला, आणि मी तो होऊ दिला.

एकटेपण त्या दिवशी मावळले असे मी म्हणणार नाही. ते आजही आहे. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडले, कुम्हारीच्या वाटेवर या दोन खोल्या घेतल्या, काकू आपल्या मुलाकडे गेल्या, आणि भोंगा आता वारा इकडचा असेल तरच ऐकू येतो. पण त्या दिवसापासून एकटेपणाचा अर्थ मी निराळा लावू लागलो. दोन बोटे आपापली हलावीत म्हणून मधल्याने विरून जावे लागते. त्याचे नाव कुठे राहत नाही, तुकडा पाण्यात सापडत नाही. राहते ती फक्त मोकळी जागा. आपल्या माणसांना आपापले हलता यावे म्हणून जो मागे सरतो, त्याच्या वाट्याला तीच जागा येते. तिला रिकामी म्हणवत नाही. ती हाताचाच भाग आहे.

बाळ दोन वर्षांचे झाल्यावर त्याच इस्पितळात बोटे सुटी केली. मांडीची थोडी कातडी घेऊन बेचक्यात लावली. जे काम निरोपाने व्हायचे, ते माणसाच्या हातांनी सावकाश केले. तेही गजाननाच्याच इच्छेने, असे मी मानतो. पट्टी सुटली तेव्हा सासूबाईंनी त्या दोन बोटांच्या मध्ये आपले बोट घालून पाहिले आणि काढून घेतले.

आज सकाळी त्याच हाताने माझ्या नातीने पायाला स्पर्श केला. मी तिचा हात धरला, तेव्हा पाचही बोटे माझ्या हातातून एकेक करून सुटली, आणि ती ऑटोत जाऊन बसली.

बाळ, तुझा हात देण्यासाठी उघडा आणि धरण्यासाठी मिटता राहो. आणि हे वाचणाऱ्या तुम्हा सर्वांच्या घरी लेकरे सुखाने वाढोत, वेळ झाल्यावर सुखाने दूर जावोत; मागे राहिलेल्यांच्या ताटात अन्न आणि मनात शांती उणी न पडो; ज्याचे विरणे लिहिलेले आहे त्याला निरोप वेळेवर आणि हळुवार पोचो. श्रीगजानन आपणा सर्वांवर छाया धरो.